एक सूत

लाकूड आलं ते बंदरातून.
कुठल्यातरी यंत्राचं ओझं वाहून आलेलं पॅलेट,
पाइनचं, अंगावर जळका शिक्का.
चौदा खिळे निघाले, सगळे वाकडे.
श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेत. फेकवत नाहीत.

मुहर्रक, चौथ्या मजल्याची गॅलरी, ऑगस्ट.
भिंतीला हात लागला तर चटका,
आणि हवा अशी दमट की पॉलिश पेपरही मऊ पडतो.
श्रीपाद रात्रपाळी करून आत झोपलेला,
ॲल्युमिनियमच्या भट्टीचा वास अजून उशीवर.
म्हणून करवत हळू.
कुणाला जाग येऊ नये म्हणून दार लोटावं
तसा रंधा.

माझ्या कार्डावर छापलंय : गृहिणी. काम करण्यास मनाई.
डिप्लोमा बॅगेत, स्वेटरांच्या खाली.
हे काम नाही, असं मी स्वतःला सांगते,
आरसा आहे.

जुन्या मॉनिटरचं कवच सोलून काढलं,
त्याच्यापुढे ती दुतोंडी काच :
पुढून चेहरा, मागून आकडे.
पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, तो तापतो,
म्हणून वरच्या पट्टीत पाच फटी.
सगळं जमलं. चौकट तेवढी जमेना.

पंचेचाळीस अंशांचे काप.
गॅलरीत जुळवले तेव्हा केस शिरत नव्हता.
आत आणून एसीखाली टेकवले,
सकाळी वरचा उजवा कोपरा ओठ उघडून बसलेला.
पुन्हा कापलं. पुन्हा तेच.
टेप खोटं बोलत नव्हता, गुण्याही नाही.

खाली गल्लीत अब्बास तांडेल, हर्णैचे.
तीस वर्षं गलबतं दुरुस्त केली,
आता कपाटांच्या बिजागऱ्या.
त्यांनी पट्टी घेतली, नाकाशी नेली.
"बाय, हिला कापलीस कुठं?"
"गॅलरीत."
"नि ऱ्हाणार कुठं?"
"आत."
"मग आधी आत निजव तिला. आठ दिस.
जिथं ऱ्हायचं तिथली हवा खाऊ दे, मंग माप घे."
पैसे घेतले नाहीत. वर पटाशीला धार लावून दिली.

आठ दिवस पट्ट्या पलंगाखाली.
तेवढ्यात मी अक्षरांकडे वळले.
पडद्यावर माझं नाव फुटत होतं :

ज् यो त् स् ना

पाय मोडलेली, एकेक सुटी,
दुरुस्तीला टाकलेल्या खुर्चीसारखी.
इथे बँकेत, दवाखान्यात
कुणी मला पूर्ण उच्चारलेलं नाही.
मॅडम. मिसेस. एकदा नुसतंच जो.
तीन रात्री फॉन्ट बदलले.
चौथ्या रात्री त ने स चा हात धरला, स ने न चा.
श्रीपादला उठवून दाखवलं.
तो म्हणाला, "हे तर तुझंच नाव आहे."

नवव्या दिवशी डिंक.
शिकंजे नव्हते, सायकलची ट्यूब गुंडाळून आवळलं.
तरी एक सूत फट राहिलीच.
रंध्याचा भुसा डिंकात कालवून भरली.
बोट फिरवलं तर कळते.
मला न फिरवताही कळते.

तांडेल पाहायला आले, चपला बाहेर काढून.
तापमान वाचलं नाही, तारीख नाही,
इथली वेळ नाही, अडीच तास पुढची मलकापूरची वेळही नाही.
नखाने कोपरा खरवडला.
"एक सूत," म्हणाले.
मग आरशात स्वतःची दाढी बघत, जरा लाजून,
"ह्यात हर्णैची भरती दिसंल काय?"

आमच्या मलकापूरला समुद्र नाही.
भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते
हे मी त्या रात्री शिकले, चाळिशीत.

आता सकाळी केस विंचरताना
पाच फटींच्या खाली, बारीक पांढऱ्या अक्षरांत
ती ओळ उमटते, नेमकी माझ्या कपाळावर :

हर्णै, भरती, अकरा चाळीस.

मी भांग पाडते.
पाणी चढत असतं.